ग्रामपंचायतीच्या संगणकाला आवाज द्या: जिल्हा परिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
मा. जिल्हा समाजकल्याण अधिकारी,
आणि सर्व तालुक्यांचे गटविकास अधिकारी

महोदय,

स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीतून अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, याचा आम्हाला आनंद आहे. ते ज्या पद्धतीने घ्यायचं ठरलं आहे, ती पद्धत मात्र आम्हाला मान्य नाही. अटी अशा आहेत: एका संगणकाला एक परवाना, मुदत एक वर्ष, आणि सगळे संगणक जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच खोलीत. मोफत, मुक्तस्रोत (ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं) सॉफ्टवेअर गावोगावी बसवा, ही आमची सूचना ‘शासनमान्य नाही’ आणि ‘कोटेशन येत नाही’ या दोन कारणांवर बाजूला ठेवली गेली. जिल्ह्याचं नाव आम्ही मुद्दाम घातलेलं नाही. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्यात हे पत्र वाचलं गेलं, तरी तिथल्या लोकांना ते ओळखीचं वाटेल.

आम्ही तालुक्याच्या गावी अंध मुलामुलींना संगणक शिकवतो. आमच्यातले काही जण स्वतः अंध आहेत. वरोऱ्याचं आनंदवन, नागपूर, अमरावती इथल्या निवासी अंधशाळांत शिकून मुलं गावी परततात. हाताला ब्रेल असतं, डोक्यात हुशारी असते. पण अर्ज, निकाल, जाहिरात, बँक सगळं पडद्यावर गेलेलं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांतली १ टक्का पदं अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी राखीव आहेत. त्या पदाचा अर्जसुद्धा दुसऱ्याच्या हातून भरून घ्यावा लागत असेल, तर ते आरक्षण या मुलांच्या हाती लागत नाही.

आधी ‘शासनमान्य नाही’ या शेऱ्याबद्दल. आम्ही सुचवलेल्या सॉफ्टवेअरचं नाव एनव्हीडीए. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात ते लिहायला घेतलं. जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला आणि २००७ मध्ये दोघांनी एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था काढली. ते विंडोजवर चालतं. परवाना जीपीएल आवृत्ती २ चा आहे, म्हणजे कितीही संगणकांवर, कितीही वर्षं, एक रुपया न देता ते कायदेशीरपणे वापरता येतं आणि त्याचा कोड कोणालाही तपासता येतो. केंद्र सरकारने सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण २०१५ मध्येच जाहीर केलं आणि राज्यांनाही ते स्वीकारण्याची वाट मोकळी ठेवली. फुकट वस्तू कार्यालयात चालत नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

खरी अडचण कोटेशनची आहे. तीन दरपत्रकं आल्याशिवाय खरेदीची फाईल पुढे सरकत नाही, आणि शून्य रुपयांच्या वस्तूचं दरपत्रक द्यायला कोणी येत नाही. त्यामुळे जे विकत मिळतं तेच फाईलवर चढतं आणि जे फुकट आहे ते वर्षानुवर्षं बाहेर राहतं. यात एका अधिकाऱ्याचा दोष नाही. पण उपाय तुमच्याच हातात आहे. ‘सॉफ्टवेअर खरेदी’ हे शीर्षक काढून ‘जुळवणी, प्रशिक्षण व देखभाल’ असं शीर्षक करा. दरपत्रक शिकवणाऱ्याच्या मानधनाचं येऊ द्या, हेडफोनचं येऊ द्या. पैसा गावात राहील आणि माणूस शिकेल.

विकतच्या सॉफ्टवेअरला आमचा सरसकट विरोध नाही. बँकेतल्या किंवा मोठ्या कार्यालयातल्या काही प्रणालींसाठी ते उपयोगी पडतं. तिथे काम करणाऱ्याला ते जरूर द्यावं. शिकणाऱ्या मुलासाठी आणि गावच्या संगणकासाठी ते गैरसोयीचं आहे. परवाना संगणकाला बांधलेला असतो. हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकलं, की परवाना पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. त्यासाठी इंटरनेट हवं आणि विक्रेत्याने फोन उचलायला हवा. एक वर्षाची मुदत संपली आणि पुढचं अंदाजपत्रक मंजूर व्हायला उशीर झाला, तर मधले महिने संगणक मुका. शिवाय खोलीतल्या संगणकावर शिकलेलं घरच्या संगणकावर वापरता येत नाही, कारण घरी तो परवाना नसतो. सराव नसला की महिनाभरात हात विसरतो.

जागेबद्दल फार लिहायची गरज नाही. भामरागडहून गडचिरोली किंवा धारणीहून अमरावती गाठून परत यायचं, तर एसटीत अख्खा दिवस जातो, आणि अंध मुलीसोबत घरातलं कोणीतरी यावं लागतं. ते घरातलं माणूस त्या दिवसाची मजुरी सोडून येतं. संगणक ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, आपले सरकार सेवा केंद्रात आहे. तो फक्त बोलत नाही.

आता आवाज. इथे घाई करू नका, कारण सगळं शिकणं आवाजावर अवलंबून आहे. खरेदीच्या अटींत ‘हिंदी व इंग्रजी आवाज’ एवढंच लिहिलेलं आहे. हिंदी आवाज देवनागरी वाचतो हे खरं, पण तो हिंदीच्या नियमांनी वाचतो. ‘झालं’, ‘केलं’, ‘घरं’ यांतला शेवटचा अनुस्वार मराठीत स्वर लांबवतो. हिंदी आवाज तिथे नाकातून बोलतो. ‘चार एकर’ मधला च आणि ‘जनावरांचा चारा’ मधला च लिहायला एकच, बोलायला वेगळा. लिपी हा फरक दाखवत नाही, म्हणून तो सॉफ्टवेअरच्या शब्दकोशात घालावा लागतो, आणि हिंदीच्या शब्दकोशात तो असण्याचं कारणच नाही. ऐकणाऱ्याला प्रत्येक ओळ मनात दुरुस्त करत बसावं लागतं. दहा मिनिटांत डोकं थकतं आणि मूल म्हणतं, मला संगणक जमत नाही.

एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी नावाचा मुक्तस्रोत आवाज आपोआप येतो आणि त्यात मराठी आहे. तो यंत्रासारखा वाटतो, हे आम्ही लपवत नाही. तो माणसाचं रेकॉर्डिंग जोडून बोलत नाही, ध्वनी गणिताने तयार करतो. म्हणूनच तो आकाराने अगदी छोटा आहे, जुन्या संगणकावर चालतो, इंटरनेट मागत नाही, आणि कळ दाबताक्षणी बोलतो. हे ‘दाबताक्षणी’ फार महत्त्वाचं आहे. हल्लीचे गोड, माणसासारखे आवाज पुस्तक ऐकायला उत्तम. पण प्रत्येक अक्षराला त्यांना थोडा जरी वेळ लागला, तरी टाइप करणाऱ्याची लय तुटते. वेग सुरुवातीला शंभरापैकी ३० ते ४० च्या आसपास ठेवावा आणि कान बसला की हळूहळू वाढवावा. सरावलेली माणसं पाहुण्याला एक शब्द कळणार नाही अशा वेगाने ऐकतात.

त्याचे मराठी उच्चार काही ठिकाणी चुकतात. पण ते दुरुस्त करता येतात. उच्चाराचे नियम आणि अपवादांचे शब्द साध्या मजकूर-फायलींत लिहिलेले आहेत आणि कोणीही सुधारणा पाठवू शकतो. मराठी घेऊन बीए झालेल्या एका अंध पदवीधराला सहा महिन्यांचं मानधन देऊन हे काम दिलंत, तर त्याचा फायदा साऱ्या महाराष्ट्राला होईल. तोवर गावच्या पातळीवर एनव्हीडीएच्या उच्चार-शब्दकोशात नेहमीचे शब्द भरून ठेवावेत: ‘ता.’ ला तालुका, ‘जि.’ ला जिल्हा, ‘ग्रा.पं.’ ला ग्रामपंचायत, ‘७/१२’ ला सातबारा. ही यादी एकदा करून सगळ्या संगणकांवर टाकता येते.

सगळ्यात मोठी तक्रार तुमच्या कागदांबद्दल आहे. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, कागद वाचण्याजोगा नसेल तर ते काय वाचणार? जिल्ह्याच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं आणि अर्जांचे नमुने तीन प्रकारांनी अंध माणसासाठी बंद होतात.

बरंच टायपिंग अजून कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये होतं. पडद्यावर ‘विद्यालय’ दिसतं, पण फायलीच्या आत ते एफ, ओ, उभी रेघ, के, वाय, अर्धविराम अशी इंग्रजी चिन्हं असतात. फाँट फक्त त्यांच्यावर मराठी चित्र चढवतो. पडदा-वाचक आतलं वाचतो, त्यामुळे त्याला हीच चिन्हं ऐकू येतात. उपाय एकच: युनिकोड, म्हणजे फायलीच्या आतही खरी देवनागरी अक्षरं ठेवणारी पद्धत, आणि टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट या मांडणीचा कळफलक. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो, विकत घ्यावा लागत नाही. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, ‘के’ वर क, ‘डी’ वर हलन्त, शिफ्टसह ‘एन’ वर ळ. मांडणी नियमित असल्यामुळे अंध मुलं ती डोळस मुलांइतक्याच वेगाने शिकतात.

दुसरा प्रकार स्कॅनचा. कागद छापायचा, सही-शिक्का मारायचा, तिरका स्कॅन करायचा आणि तेच चित्र पीडीएफ म्हणून चढवायचं. त्यात वाचायला अक्षरच नसतं. टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, मराठी ओळखतं, पण त्याला ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) सरळ आणि स्वच्छ पान लागतं. मजकुरावर जांभळा शिक्का पडला की तो भाग गेला. आणि मुळात टाइप केलेली फाईल तुमच्याकडे असताना तिचं चित्र करून परत तिची अक्षरं शोधायची कशासाठी? सही केलेली प्रत ठेवा, शेजारी मूळ वर्ड फाईल किंवा साधं वेबपान ठेवा. पीडीएफच द्यायची असेल तर ‘प्रिंट’ मधून करू नका. देवनागरीचे काने-वेलांट्या आत विस्कटण्याचा धोका तिथे जास्त असतो. लिबरऑफिसमध्ये ‘फाईल’ मधून पीडीएफ निर्यात करताना ‘टॅग्ड पीडीएफ’ ची खूण करा, म्हणजे शीर्षकं आणि परिच्छेदांची रचना फायलीत राहते. लिबरऑफिसही मोफतच आहे.

तिसरा प्रकार ऑनलाइन अर्जाचा. रकान्याला आत नाव दिलेलं नसतं, म्हणून टॅब दाबत जाणाऱ्याला फक्त ‘संपादन, रिकामं’ ऐकू येतं. हा रकाना आडनावाचा की आधारचा, हे त्याने कसं ओळखायचं? जन्मतारखेचं कॅलेंडर फक्त माउसने उघडतं. शेवटी चित्रातला कोड येतो, त्याला आवाजाचा पर्याय नसतो. कोणी शेजारचा वाचून देईपर्यंत ओटीपीची मुदत संपते आणि सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. आणखी एक लहानशी चूक: मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असते. एनव्हीडीए त्या नोंदीवर विश्वास ठेवून आवाज बदलतं आणि मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जातो. हे दुरुस्त करायला प्रोग्रॅमरला एका ओळीत एक शब्द बदलावा लागतो. तेवढं झालं नाही म्हणून आम्हाला विद्यार्थ्याला भाषेचा आपोआप बदल बंद करायला शिकवावं लागतं, आणि मग खरोखरच्या इंग्रजी पानांवर त्याची अडचण होते.

यातलं काहीही दयेवर सोडलेलं नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं सुगम करायला सांगतं. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेचं आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

गावच्या संगणकावर बसवणी कशी करायची, तेही इथेच लिहितो, म्हणजे ‘तांत्रिक अडचण’ हा शेरा पुन्हा येऊ नये. एनव्ही अ‍ॅक्सेसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच फाईल उतरवायची. प्रशासकाच्या खात्यातून ती कायमची बसवायची आणि लॉगिनच्या पडद्यावरही सुरू होईल अशी खूण ठेवायची. सेटिंगमध्ये आवाज ईस्पीक एनजी, भाषा मराठी. लॅपटॉपला बाजूचा अंकफलक नसतो, म्हणून तिथे ‘लॅपटॉप’ मांडणी निवडायची आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ करायचं. कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबलं की ते सुरू होतं. मध्येच अडकलं तर याच कळांनी पुन्हा सुरू होतं. बोलणं थांबवायला नुसतं कंट्रोल. वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, एफ दाबलं की पुढचा रकाना, बी दाबलं की पुढचं बटण. पहिल्या आठवड्यात एवढं पुरतं.

पेनड्राईव्हवरची प्रतही करता येते, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात असायला हवी. कोणत्याही सेवा केंद्रात जाऊन तो संगणक बोलता करू शकेल. पण तिच्या मर्यादा ठाऊक असू द्या. पेनड्राईव्हवरची प्रत लॉगिनच्या पडद्यावर बोलत नाही, आणि विंडोज प्रशासकाची परवानगी मागतं त्या चौकटीतही गप्प होते. त्या क्षणी विद्यार्थ्याला वाटतं संगणक बंद पडला. म्हणून सार्वजनिक संगणकावर कायमची बसवणीच हवी.

हेडफोन तारेचा घ्या. ब्लूटूथचा हेडफोन शांततेत झोपी जातो आणि परत जागा होताना शब्दाचं पहिलं अक्षर गिळतो; ‘नाही’ मधला ‘ना’ ऐकूच आला नाही तर काय होईल ते सांगायला नको. कळफलक पूर्ण आकाराचा, एफ आणि जे वर उंचवटा असलेला. ४ जीबी मेमरीच्या संगणकात जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी टाकली की आवाज अडखळणं बरंच कमी होतं. शाळांत विंडोज ७ असलेले संगणक अजून आहेत. त्यांवर एनव्हीडीएची २०२३.३.४ ही शेवटची आवृत्ती चालते, नवी टाकायला गेलात तर बसणार नाही आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जाईल. फारच जुना संगणक असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली आणि ओर्का हा मोफत पडदा-वाचक टाकता येतो. मात्र तिथे शिकवणारा जाणकार हवा.

उन्हाळ्यातल्या भारनियमनाचाही विचार हवा. वीज गेली की डोळस माणसाला पडदा काळा दिसतो. अंध माणसाला आवाज थांबलेला कळतो, पण वीज गेली की सॉफ्टवेअर अडकलं, ते कळत नाही. यूपीएसची बॅटरी धड असली आणि तिचा इशाऱ्याचा आवाज बंद केलेला नसला, तर फाईल जतन करण्याएवढा वेळ मिळतो.

शिकवणारा प्रत्येक गावात असणं शक्य नाही, पण त्यालाही वाट आहे. एनव्हीडीएच्या २०२५.१ आवृत्तीपासून दूरस्थ जोडणी आतच आली आहे. तालुक्याला बसलेला प्रशिक्षक गावातल्या विद्यार्थ्याचा संगणक ऐकू आणि चालवू शकतो. त्यात ध्वनी नाही, बोलायचा मजकूर पाठवला जातो, म्हणून जंगलपट्ट्यातल्या कमकुवत नेटवर्कवरही काम भागतं.

आमच्या मागण्या या आहेत.

सध्याची परवाना-खरेदी थांबवा आणि तीच रक्कम जुळवणी, प्रशिक्षण व देखभाल या शीर्षकाखाली वळवा. प्रत्येक ग्रामपंचायत, जिल्हा परिषद शाळा आणि सेवा केंद्रातल्या किमान एका संगणकावर एनव्हीडीए कायमचं बसवून मराठी आवाज, तारेचा हेडफोन आणि उच्चारांची यादी द्या. प्रत्येक तालुक्याला एक प्रशिक्षक मानधनावर नेमा, त्यात जाणकार अंध व्यक्तींना पहिलं स्थान द्या. रोज दोन तास धरले तर मूलभूत शिक्षणाला तीन महिने लागतात, शिबिराच्या एका दिवसात फोटोपलीकडे काही हाती लागत नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना अर्ध्या दिवसाची माहिती द्या, म्हणजे कोणी ‘हे काय बडबडतंय’ म्हणून एनव्हीडीए काढून टाकणार नाही.

यापुढे एकही परिपत्रक युनिकोडशिवाय आणि नुसत्या स्कॅनच्या रूपात चढवू नका. ऑनलाइन अर्ज खुला करण्यापूर्वी तो अंध वापरकर्त्याकडून, माउसला हात न लावता, पहिल्या रकान्यापासून पोचपावतीपर्यंत भरून तपासून घ्या; अडला तिथे कंत्राटदाराचं बिल थांबवा. पुढच्या निविदांत ही अट लिहूनच टाका. ५ टक्के निधीतला किती खर्च कशावर झाला, त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा.

जिल्ह्याच्या संकेतस्थळावरचा कोणताही एक अर्ज तुम्हीच निवडा आणि आम्हाला तारीख द्या. तुमच्या दालनात, तुमच्याच संगणकावर, आमच्यातला अंध सहकारी तो एनव्हीडीएने भरून दाखवेल. कुठे भरता येतो आणि कुठे अडतो, हे तुमच्या तांत्रिक अधिकाऱ्यांनी शेजारी बसून लिहून घ्यावं. पेनड्राईव्ह आणि हेडफोन आम्ही आणू.

आपले,
ग्रामीण विदर्भातले अंध संगणक वापरकर्ते आणि त्यांचे प्रशिक्षक